जसा दगड तसे पाणी

देहूच्या पलीकडे, सुधा नदीच्या काठी, सुदुंबरे नावाचे गाव आहे. चाकणच्या तेली कुळात जन्मलेले आणि तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले संताजी जगनाडे महाराज यांची समाधी या गावी आहे. त्यांच्या अंत्यविधीची आख्यायिका मावळात घरोघर ठाऊक आहे. मूठमाती देताना गावकऱ्यांनी कितीही माती लोटली तरी मुख काही झाकेना. अखेर, आधीच वैकुंठाला गेलेले तुकोबा दिलेला शब्द पाळण्यासाठी परत आले, त्यांनी तीन मुठी माती टाकली, आणि मग कुठे मुख झाकले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा घासून पाहण्याचे हे स्थळ नव्हे. माणसाचे शेवटचे देणे मातीलाच आहे आणि ते कोणाच्या हातून फिटावे यालाही अर्थ आहे, ही लोकांची श्रद्धा तीत दिसते, एवढे खरे.

परंतु शरीराचा आणि मातीचा व्यवहार मूठमातीच्या दिवशी सुरू होत नाही. तो जन्माच्याही आधीपासून चालू असतो. आपल्या हाडांतला चुना, रक्तातले लोह, गळ्याच्या ग्रंथीतले आयोडीन ही सारी द्रव्ये मूळची दगडामातीतली. ती आपल्यापर्यंत तीन वाटांनी येतात. दगड झिजून माती होते आणि मातीतून ती धान्यात उतरतात, ही पहिली वाट. दगडातून झिरपणारे पाणी ती विरघळवून आणते, ही दुसरी. आणि तिसरी वाट धुळीची. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर दळत, तेव्हा नवे टाकवलेले जाते पहिल्या दळणाला कचकच देई. म्हणून ते पहिले पीठ बाजूला काढण्याची रीत होती. दगड पोटात जातो हे त्यांना शास्त्रज्ञाने सांगावे लागले नाही. या तीन वाटांपैकी पाण्याची वाट महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वांत बोधप्रद ठरली आहे, म्हणून आज मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम दगड पाहू. मावळातला दगड म्हणजे काळा पाषाण. भूशास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, तिसरा आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि महाराष्ट्राच्या दर पाच भागांपैकी चार भाग या एकाच पाषाणावर वसलेले आहेत. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच दगडात कोरली. देहूच्या परिसरातले भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे डोंगरही त्याचेच. विहीर खणणारा मनुष्य वरून खाली जाताना माती, मुरूम आणि मग काळा कातळ असे टप्पे सांगतो. मधूनच दोन थरांच्या सांध्यात गेरूसारखी तांबडी पट्टी लागते. भूशास्त्राच्या पुस्तकात याहून निराळे काही नाही. फक्त नावे वेगळी आहेत.

या दगडाचा स्वभाव काय? त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे अंश भरपूर, लोहही भरपूर. गारगोटी ज्या सिकतेची बनलेली असते ती त्यात सुटी जवळजवळ नाहीच. शिसे, आर्सेनिक असल्या विषारी धातूंचा साठाही त्यात सहसा आढळत नाही. अशा दगडातून पाझरलेले पाणी सामान्यतः जड असते. आपल्या भाषेत पाण्याला जड, हलके, गोडे, मचूळ, खारे अशी किती विशेषणे आहेत पाहा. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते पाणी जड, ही व्याख्या सुगरणीने केली. आज प्रयोगशाळा कॅल्शियम व मॅग्नेशियम मोजून तेच सांगते. ‘नव्या गावचे पाणी बाधले’, ‘त्याला तिकडचे पाणी लागले’ हे प्रयोगही आपण सहज करतो. त्यांतले काही आजार डासांचे आणि जंतूंचे होते, हे आता कळले आहे. पण गावागणिक पाण्याचा गुण बदलतो हे निरीक्षण खोटे नव्हते.

हे निरीक्षण फार जुने आहे. भूमीच्या गुणांप्रमाणे पाण्याची रुची बदलते असा विचार सुश्रुतसंहितेत आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात, परक्या गावी गेलेल्या वैद्याने प्रथम तेथले वारे, पाणी आणि जमीन पाहावी, असे सांगितले आहे. चरकसंहिता तर याहून पुढे जाते. पांडुरोगाचे पाच प्रकार सांगताना चरकाने पाचवा प्रकार माती खाल्ल्याने होणारा म्हणून वेगळा काढला, आणि तुरट माती, खारी माती व गोड माती यांचे परिणाम निरनिराळे सांगितले. कालिदासाच्या रघुवंशातही गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो. डोहाळे लागलेली स्त्री भाजकी माती मागते हे आपल्याही घरांतले जुने चित्र आहे. रक्त कमी असले की माती खावीशी वाटते, आणि चिकणमाती पोटात गेली की ती अन्नातले लोह धरून ठेवून शरीराला मिळू देत नाही. असे हे दुष्टचक्र आहे. १९६१ साली मूळचे बिहारचे डॉक्टर आनंद प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी इराणातल्या काही खुजे राहिलेल्या तरुणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचा आहार बेखमीर रोटीचा होता आणि त्यांना माती खाण्याची सवय होती. त्यांच्या अभ्यासातूनच पुढे, माणसाच्या वाढीला जस्त आवश्यक असते, हे वैद्यकाला कळले. चरकाच्या त्या पाचव्या प्रकाराला असा दोन हजार वर्षांनी दुजोरा मिळाला.

ज्यांना माती मिळत नसे ती मुले पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा चघळत. महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांत आलेल्या या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या असत. मंदसोरचा तो दगड आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. त्यात सिकता पुष्कळ. करवतीवर तो कापताना उडणारी बारीक पूड कामगारांच्या फुप्फुसांत बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने हे कामगार तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार झालेला आढळला. आपल्याकडचा काळा दगड फोडणाऱ्याला सुट्या सिकतेचा धोका त्यामानाने फार कमी. अर्थात धूळ ती धूळच. खडी केंद्राजवळ राहणाऱ्याचा खोकला दगडाचे नाव विचारून येत नाही. तरीही दोन दगडांतल्या एवढ्याशा फरकाने एका गावचा कामगार म्हातारा होतो आणि दुसऱ्या गावचा ऐन चाळिशीत धापा टाकतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात हेच घडले.

आता विहिरीकडे वळू. काळ्या कातळाच्या पोटात पाणी साठायला जागा थोडी. ते वरच्या मुरमात, थरांच्या सांध्यांत आणि भेगांत असते. म्हणून आपल्या पूर्वजांनी विहिरी रुंद खणल्या. जेवढा घेर मोठा तेवढे अधिक झरे तोडले जातात. पाणी खोल जाई तसे उतरायला पायऱ्या आल्या आणि पायविहिरी, बारवा बांधल्या गेल्या. त्यांची दगडी कामे पाहून आज आपण थक्क होतो, आणि व्हावेच. पण या सुंदर पायऱ्यांवरून एक भयंकर रोगही वर-खाली करीत होता. तो म्हणजे नारू. नारूचा रोगी पाण्यात पाय बुडवी, जखमेतून जंताची पिले पाण्यात पडत, पाण्यातले सूक्ष्म जलकीटक ती गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडे. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता पुरुष अंथरुणाला खिळे. ज्या अरुंद आडात कोणी उतरू शकत नसे आणि पोहऱ्यानेच पाणी काढावे लागे, तेथे हा रोग पसरायला वाव नव्हता. म्हणजे येथे दगडाचा दोष नव्हता. दगडातून पाणी काढण्याच्या पद्धतीचा होता.

देशाने १९८३–८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा रोगग्रस्त सात राज्यांत महाराष्ट्र होता. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे, जलकीटक मारणारे औषध टाकणे आणि जेथे शक्य तेथे विंधण विहीर खोदून तिच्यावर हातपंप बसवणे, असे त्याचे उपाय होते. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला, आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. कोणतीही लस नसताना एक रोग केवळ पाणी सुधारून नाहीसा झाला. हा विजय लहान नव्हे.

या विजयात विंधण विहिरीचा वाटा मोठा आहे, आणि तिची कथा महाराष्ट्राची आहे. कठीण कातळात अरुंद छिद्र पाडून खोल जाणारी यंत्रे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या साहाय्याने भारतात येऊ लागली. छिद्र पाडता आले, पण त्यावर बसवलेले बिडाचे हातपंप टिकेनात. ते एका कुटुंबासाठी घडवलेले. सगळे गाव त्यांवर लोटले की मोडून पडत. तेव्हा जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या विहीर-कामातल्या माणसांनी मजबूत पोलादी पंप घडवले. ‘जालना पंप’ व ‘सोलापूर पंप’ या नावांनी ते ओळखले गेले, आणि त्यांच्याच अनुभवावर १९७७–७८ च्या सुमारास ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप उभा राहिला. पुढे तो भारतभर आणि आफ्रिकेतही गेला. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. विहिरी कोरड्या, नद्या कोरड्या, गुरे छावणीत. त्या वर्षांत ज्यांनी हातपंपाची पहिली धार पाहिली त्यांना ती गंगेसारखी वाटली असेल, तर नवल नाही.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. आड किंवा विहीर ही बहुधा वरच्या मुरमातले पाणी घेते. हे पाणी गेल्या एक-दोन पावसाळ्यांचे असते. विंधण विहीर त्याच्या खाली जाते. तेथले पाणी दगडाच्या सहवासात कितीतरी अधिक काळ राहिलेले असते, आणि जितका सहवास दीर्घ तितके दगडाचे अंश पाण्यात अधिक. वरचे पाणी पावसाची आठवण ठेवते, खालचे पाणी दगडाची. वरचे पाणी जंतूंनी लवकर नासते. खालचे जंतूंपासून बरेच सुरक्षित असते. आपण जंतूंच्या भीतीने खाली गेलो, ते योग्यच केले. पण खाली कोणता दगड आहे हे सर्वत्र विचारले नाही.

तो प्रश्न विचारायला लावणारे द्रव्य म्हणजे फ्लोराइड. त्याचा शोध दातांवरून लागला. अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतात १९०१ साली मॅके नावाच्या दंतवैद्याला तेथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९३१ साली चर्चिल या रसायनज्ञाने तेथल्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याचे दाखवले. भारतात १९३७ साली शॉर्ट, मॅकरॉबर्ट, बर्नार्ड आणि नायर यांनी मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथे प्रकरण दातांवर थांबले नव्हते. माणसांची पाठ ताठ झाली होती, मान वळत नव्हती, सांधे जखडले होते. जे द्रव्य अल्प प्रमाणात दात बळकट करते तेच अधिक झाले की हाडांत साठून त्यांना नको इतके जाड आणि ताठ करते.

महाराष्ट्रात हा विकार प्रामुख्याने पूर्वेच्या टोकाला दिसून आला. काळ्या पाषाणाची चादर जेथे पातळ होते किंवा संपते आणि तिच्याखालचे फार जुने खडक वर येतात, तो हा मुलूख. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा झराच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्यापलीकडे गेले की प्रथम मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात. आठ वर्षांच्या आतल्या मुलाच्या दातांवर एकदा उमटलेला डाग घासून जात नाही. अशा गावच्या मुली हसताना तोंडावर पदर घेतात. लग्न जमवताना वरपक्ष वधूच्या गावचे नाव ऐकूनच मागे सरतो, असेही घडते. पुढे वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडांचा आजार येतो. त्याला औषध नाही. पाणी बदलणे हाच उपाय. आणि ज्या घरात दूध, भाज्या, पोटभर अन्न आहे तेथे हा विकार त्यामानाने मंद असतो. दगडाचा दोष सर्वांना सारखाच असतो, पण त्याचा दंड गरिबाला अधिक भरावा लागतो.

आता काळ्या पाषाणाकडे पुन्हा एकदा पाहा. चुन्याचा अंश आणि फ्लोराइड यांचे पाण्यात फार काळ एकत्र राहणे कठीण. दोघे मिळून न विरघळणारे खनिज बनते आणि तळाशी बसते. म्हणजे ज्या पाण्यात चुना भरपूर त्यात फ्लोराइड फारसे वाढू शकत नाही. ज्या जडपणाबद्दल मावळातली सुगरण शतकानुशतके कुरकुर करीत आली, त्या जडपणानेच तिच्या मुलांचे दात आणि नातवांच्या पाठी राखल्या. उलट जे पाणी मृदू, ज्यात डाळ चटकन शिजते आणि साबण भरपूर फेसाळतो, त्यात फ्लोराइड लपून राहायला अधिक वाव असतो. जिभेला ते कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मात्र काळ्या पाषाणावर राहणाऱ्यांनीही निर्धास्त होऊ नये. अतिखोल गेलेल्या छिद्रातले पाणी तेथेही आपला चुना वाटेत टाकून मृदू झालेले असू शकते. दगडाचे नाव ही केवळ सूचना आहे; निकाल पाण्याच्या बाटलीतच लागतो.

उपायाचा इतिहासही महाराष्ट्राशी निगडित आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सत्तरीच्या दशकात फ्लोराइड काढण्याची एक रीत बसवली. तीत वापरायची द्रव्ये म्हणजे तुरटी, चुना आणि थोडी विरंजक भुकटी. तिघेही वाण्याच्या दुकानात मिळणारे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या नळगोंडा जिल्ह्यावरून तिला ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात. पद्धत सोपी होती, पण रोज मापाने तुरटी घालणे, गाळ काढणे आणि तो गाळ पुन्हा विहिरीकडे जाणार नाही असा टाकणे, हे काम कोणी तरी रोज करायला हवे होते. जेथे ते माणूस टिकले तेथे पद्धत टिकली. जेथे नाही तेथे टाक्या कोरड्या पडल्या आणि बाया पुन्हा हातपंपाशी गेल्या. म्हणून अशा गावांना दुरून नदीचे पाणी आणणे, पावसाचे पाणी साठवणे किंवा उथळ विहीर स्वच्छ राखून पुन्हा वापरात आणणे हे मार्ग अधिक टिकाऊ मानले जातात. जी उथळ विहीर जंतूंच्या भयाने सोडली, तिच्याकडेच तिला नीट बांधून, झाकून आणि पाणी शुद्ध करून परत जावे लागावे, हा या इतिहासातला लक्षात घेण्याजोगा भाग आहे.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. बंगालमध्ये तळ्याच्या पाण्याने पटकी आणि हगवण होई म्हणून नळकूप खोदले गेले. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर के. सी. साहा यांच्याकडे हातापायांवर काळे डाग आणि खडबडीत गाठी असलेले रोगी आले, आणि त्या नळकूपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघडकीस आले. पुढे बांगलादेशात हाच प्रकार कोट्यवधी लोकांच्या वाट्याला आला. तेथला दोष नदीने हिमालयातून आणलेल्या गाळाचा. खोदणाऱ्यांचा हेतू तेथेही शुद्ध होता.

यावर कोणी विचारील की, मग विंधण विहिरी खोदल्या हेच चुकले काय? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. नारूने लंगडणारा शेतकरी आणि पटकीने एका रात्रीत गेलेली मुले ज्यांनी पाहिली त्यांनी त्या खोदल्या. चूक खोदण्यात नव्हती. पाणी लागले, धार आली, नारळ फुटला, आणि काम संपले असे मानण्यात ती होती. धार किती मोठी हे मोजले गेले. धारेत काय आहे हे मोजायला अनेक गावांत एक पिढी जावी लागली.

जमिनीचा आणखी एक दोष असा आहे की तो असण्याचा नसून नसण्याचा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आयोडीनला तंतोतंत लागू पडते. डोंगराळ मुलखात पाऊस आणि पूर मातीतले आयोडीन धुऊन नेतात. मग धान्यात ते नाही, भाजीत नाही, गाईच्या दुधातही नाही. तेथे गलगंड होतो, आणि गर्भातच कमतरता झाली तर मूल मतिमंद निपजते. डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. माणसाला दिवसाला केवळ १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. वर्षाचे मोजले तरी चिमूटभर होत नाही. जमिनीत जे कमी होते ते मिठाच्या वाटेने घरोघर पोचवता आले. येथे समाजाने जमिनीची उणीव ओळखली, मापाने भरून काढली आणि ती भरून काढणे वर्षानुवर्षे चालू ठेवले. फ्लोराइडच्या गावांना नेमके हेच मिळाले नाही.

आता पुन्हा मावळात येऊ. येथला दगड मूलतः सौम्य आहे, हे आपले भाग्य. पण त्याचा एक दुर्गुणही आहे. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, तसे कातळाच्या भेगेतून जाताना गाळले जात नाही. भेगेच्या एका तोंडाशी जे ओताल ते दुसऱ्या तोंडाशी फारसे न बदलता निघते. सुधा आणि इंद्रायणी यांच्या काठी पूर्वी शेते होती, तेव्हा याची चिंता नव्हती. आज एका बाजूला चाकण आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव येथे कारखान्यांची वसाहत आहे, मधली गावे वाढत आहेत, शोषखड्डे आणि खतांच्या गोणी वाढत आहेत. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. नदीवरचा फेस दिसतो तरी. भेगेतून विहिरीत उतरलेला नायट्रेटचा अंश दिसत नाही. मैला आणि खत यांतून येणारे हे द्रव्य लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले की बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात ही गोष्ट प्रथम ध्यानात आली, तीही शेतकऱ्यांच्या घरच्या विहिरींमुळे. जो दोष दगडाने दिला नाही तो आपण आपल्या हाताने दगडात भरू शकतो, एवढाच याचा अर्थ.

तात्पर्य काय? नेल्लोरच्या ताठ पाठींनी, मंदसोरच्या कामगारांच्या श्वासाने आणि चंद्रपूरच्या मुलांच्या दातांनी आपल्याला जे शिकवले ते ज्ञान फार महाग पडले आहे. प्रत्येक वेळी प्रथम माणूस आजारी पडला आणि मग दगड तपासला गेला. हा क्रम उलटवणे आज सर्वस्वी शक्य आहे. विहीर किंवा विंधण विहीर खोदताच, आणि पुढे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावच्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याच्या साध्या पेटीचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ही योजना मला फार योग्य वाटते. पाण्याचा जडपणा डाळीवरून ओळखणारी परीक्षक पूर्वीही तीच होती. आता तिच्या हातात डाळीबरोबर परीक्षानळीही आली आहे.

मात्र ती पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलुपात राहता कामा नये, आणि निकाल वहीत राहता कामा नये. गावाच्या चावडीवर पावसाचे आकडे लिहितात, बाजारभाव लिहितात. त्याच फळ्यावर प्रत्येक विहिरीचे नाव आणि तिच्या पाण्यातले फ्लोराइड, नायट्रेट व जडपणा यांचे आकडे लिहावेत. ज्या विहिरीचा आकडा वाईट असेल तिचे पाणी गुरांना किंवा धुण्याला ठेवावे आणि पिण्याचे दुसरीकडून आणावे. याला फार पैसा लागत नाही. एक बाटली लागते, एक फळा लागतो, आणि आकडा कितीही अप्रिय असला तरी तो पुसून न टाकणारे गाव लागते.